लेव्ही-चिव्हितांवर सेमिनार देताय? मग सुरुवात चिन्हापासून करू नका

तुमचा प्रश्न मला असा समजला: एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला तुम्हाला चाळीस मिनिटांचा सेमिनार द्यायचाय आणि वाट्याला विषय आलाय इटालियन गणितज्ञ लेव्ही-चिव्हिता. शोधाशोध केल्यावर त्यांच्या नावाच्या एप्सिलॉन चिन्हापलीकडे फारसं हाती लागत नाही. जिथे लागतं तिथे 'आइन्स्टाइनला गणितात मदत करणारा इटालियन' एवढ्यावर बोळवण केलेली असते. तेव्हा माणसाचं आयुष्य सांगायचं की गणित, आणि एका चिन्हावर चाळीस मिनिटं बोलायचं तरी काय?

मी अठ्ठावीस वर्षं टेन्सर आणि सापेक्षता शिकवली आहे आणि असे सेमिनार शेकड्यांनी ऐकले आहेत. मला वाटतं, तुमची अडचण आयुष्य की गणित ही नाहीच. या माणसाचं सगळ्यात मोठं काम दुसऱ्यांच्या नावांखाली गेलंय, हा खरा पेच आहे. काही त्यांचे गुरू रिच्ची यांच्या नावावर आहे, काही आइन्स्टाइनच्या, काही व्हाइल आणि कार्तान या नंतरच्या गणितज्ञांच्या. त्यांच्या स्वतःच्या नावाने लोकांच्या तोंडी राहिलं ते एक चिन्ह, आणि त्यांच्या कामात त्याचं मोल सगळ्यात कमी आहे. म्हणून चिन्हापासून सुरुवात केली की विषय लहान होत जातो. मी सुरुवात दुसरीकडून करतो, ती पुढे सांगतो.

मात्र काही गोष्टी तुमच्या श्रोत्यांवर अवलंबून आहेत. समोर गणितवाले जास्त असतील तर १९१७ च्या समांतरतेच्या कल्पनेला निम्मा वेळ द्या. भौतिकशास्त्रवाले असतील तर आइन्स्टाइनशी झालेल्या १९१५ च्या पत्रव्यवहारात ते रमतील. कॉलेजच्या विज्ञान मंडळात मिश्र श्रोत्यांपुढे बोलायचं असेल तर १९३८ ची, ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठातून काढल्याची हकीकत टाळू नका. परीक्षकांना समीकरणं हवीत की कल्पना, हे मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या. ते मला इथून सांगता येणार नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. तुल्लिओ लेव्ही-चिव्हिता हा एकच माणूस आहे, 'लेव्ही-चिव्हिता' हे जोडआडनाव. मी विद्यार्थी असताना वर्गात 'लेव्ही आणि चिव्हिता यांनी शोधलेलं चिन्ह' असं ऐकलं आणि कित्येक वर्षं ते दोघे जण आहेत असंच समजत होतो. रिच्ची-कुर्बास्त्रो हेही तसंच, एकाच माणसाचं आडनाव. हे पहिल्याच स्लाइडवर स्पष्ट करा, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांचा तोच समज असतो. चिन्हाला दोन मिनिटं पुरेत: तीन मितींत त्याचे २७ घटक, त्यांतले फक्त ६ शून्य नसलेले. १, २, ३ या निर्देशांकांच्या सम क्रमाला (१२३, २३१, ३१२) अधिक एक, विषम क्रमाला उणे एक. झालं.

आता पादुआला जाऊ. जन्म २९ मार्च १८७३, उत्तर इटलीतल्या पादुआ शहरात, ज्यू कुटुंबात. वडील जाकोमो वकील होते, तरुणपणी इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डींच्या स्वयंसेवकांत गेलेले, पुढे सिनेटर झाले. १८९० मध्ये तुल्लिओ पादुआ विद्यापीठात दाखल झाले आणि तिथे त्यांना ग्रेगोरिओ रिच्ची-कुर्बास्त्रो शिक्षक म्हणून लाभले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीला दिशा मिळाली ती इथे.

रिच्ची तेव्हा एकटेच एका गोष्टीच्या मागे लागले होते: समीकरण असं लिहायचं की कोऑर्डिनेट कुठलेही घेतले तरी त्याचं रूप बदलू नये. या पद्धतीला ते 'निरपेक्ष विकलनशास्त्र' म्हणत. आज आपण तिला टेन्सर कॅलक्युलस म्हणतो. समकालीनांना ते नुसतं चिन्हांचं ओझं वाटे. १९०१ मध्ये रोमच्या लिंचेई अकादमीच्या राजपुरस्कारासाठी रिच्चींनी हे काम पाठवलं, पण पुरस्कार मिळाला नाही. जुन्या पद्धतींनीही जे जमतं त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा तेव्हाचा एकंदर सूर होता. आज सामान्य सापेक्षतेचं एक पानही या भाषेशिवाय लिहिता येत नाही.

याच सुमारास गटिंगनचे जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी रिच्चींना ही पद्धत एकत्र मांडणारा लेख मागितला. तो गुरू-शिष्यांनी मिळून लिहिला. 'मॅथेमाटिशे अनालेन' या जर्मन गणित-नियतकालिकाच्या ५४ व्या खंडात, १९०० सालच्या नोंदीने, फ्रेंचमध्ये तो आला: १२५ ते २०१, म्हणजे ७७ पानं. शिष्याचं वय होतं २७. या लेखावर रिच्चींनी पूर्ण आडनाव न लिहिता नुसतं 'रिच्ची' लिहिलं, म्हणून आज 'रिच्ची टेन्सर' म्हणतात, 'रिच्ची-कुर्बास्त्रो टेन्सर' नाही. लेव्ही-चिव्हितांचा मोठा वाटा मला दिसतो तो उपयोजनांत. भूमिती, यामिकी (मेकॅनिक्स), भौतिकशास्त्र इथे ही भाषा चालते कशी, हे त्यांनी दाखवलं. गुरूने हत्यार घडवलं, शिष्याने ते शेतात चालवून दाखवलं. तोवर त्यांना पादुआत यामिकीचं प्राध्यापकपदही मिळालं होतं, १८९८ मध्ये, वयाच्या पंचविशीत. पुढची वीस वर्षं ते तिथेच शिकवत होते. १९१४ मध्ये त्यांनी त्यांची विद्यार्थिनी लिबेरा त्रेव्हिसानी यांच्याशी लग्न केलं.

आता 'मदतनीस' या शब्दाचं बघू, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त तोच खटकला. १९१२ मध्ये आइन्स्टाइन झुरिकला परतले तेव्हा गुरुत्वाकर्षण मांडायला त्यांना कुठलाही कोऑर्डिनेट चालेल अशी भाषा हवी होती. वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान यांनी त्यांना रिच्ची आणि लेव्ही-चिव्हितांच्या त्या पद्धतीकडे नेलं. म्हणजे मदत असेल तर ती मागितल्यावर केलेली नव्हे, बारा वर्षं आधी लिहून ठेवलेली.

१९१४ च्या अखेरीस आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या या सिद्धांतावर एक मोठा लेख छापला. त्यात समीकरणं अजून चुकीची होती, पण त्यांच्या समर्थनार्थ एक गणिती सिद्धता दिली होती. १९१५ च्या वसंतात पादुआहून लेव्ही-चिव्हितांनी पत्राने कळवलं की ही सिद्धता टिकत नाही. मार्चपासून मेपर्यंत पत्रांची ये-जा झाली. आइन्स्टाइन बचाव करत, दुसरा युक्तिवाद पाठवत. लेव्ही-चिव्हिता तो तपासत आणि पुन्हा दोष दाखवत, अत्यंत सभ्यपणे. मेमध्ये इटली पहिल्या महायुद्धात उतरली आणि पत्रं थांबली. योग्य समीकरणं आइन्स्टाइन यांनी बर्लिनमध्ये २५ नोव्हेंबर १९१५ रोजी मांडली.

इथे एक सूचना. या पत्रांमुळेच नोव्हेंबरचा शोध लागला असं सेमिनारमध्ये म्हणू नका. ते अति होईल. आइन्स्टाइन यांची खात्री डळमळण्यामागे इतर कारणंही होती, बुधाच्या कक्षेचा हिशेब जुन्या समीकरणांतून जुळत नव्हता हे त्यातलं एक. पण सिद्धतेतली कच्ची वीट नेमकी दाखवली ती पादुआच्या या प्राध्यापकाने. मला हा प्रसंग आवडतो तो यासाठी, की कुणीही कुणाला हरवायला निघालेलं नव्हतं. १९१७ मध्ये दोघांचा पुन्हा पत्रव्यवहार झाला, आता गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेवरून. तेव्हा आइन्स्टाइन यांनी लिहिलं की तुमची गणिताची रीत देखणी आहे, खऱ्या गणिताच्या घोड्यावर बसून या रानातून जाणं किती छान असेल, आमच्यासारख्यांना मात्र पायी धडपडत जावं लागतं.

आता १९१७ कडे. माझ्या मते तुमचा सेमिनार इथून सुरू व्हायला हवा. पालेर्मोच्या गणित मंडळाच्या नियतकालिकात त्या वर्षी लेव्ही-चिव्हितांचा 'कुठल्याही बहुमितीय अवकाशातली समांतरतेची कल्पना' या अर्थाच्या शीर्षकाचा निबंध आला. सतरा वर्षं ही भाषा वापरात होती, पण तिच्यात एक उणीव होती. क्रिस्टोफेलची चिन्हं, म्हणजे लांबी मोजण्याचा नियम जागोजागी कसा बदलतो ते नोंदवणारा तो गॅमा, गणितात येत आणि काम करून जात, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नसे. लेव्ही-चिव्हितांनी त्यांना चित्र दिलं.

सपाट कागदावर दोन ठिकाणचे बाण समांतर आहेत का हे लगेच सांगता येतं. गोलावर ते कसं ठरवणार? पुण्यातला बाण आणि पादुआतला बाण एकाच दिशेला आहेत, या म्हणण्याला अर्थच नाही. अर्थ येतो तो तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे सांगितल्यावर. त्या वाटेवर बाण न वळवता न्यायचा, हेच समांतर स्थानांतरण.

वर्गात मी हे संत्र्याने दाखवतो. संत्र्यावर पेनाने एक वाट काढा. त्या वाटेवरून सालीची अरुंद पट्टी सोलून टेबलावर सपाट पसरा. सपाट पट्टीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकांना समांतर बाण काढा, शाळेत काढायचो तसे. मग पट्टी पुन्हा संत्र्याला लावा. जे बाण आता गोलावर दिसतात ते त्या वाटेवर समांतर. त्यांची मूळ कल्पना याच्या अगदी जवळची आहे: वक्र अवकाश मोठ्या सपाट अवकाशात बसवा आणि वाटेच्या कडेने त्याला सपाट करा. नंतर त्यांनी दाखवलं की उत्तर काढायला त्या बाहेरच्या अवकाशाची गरजच नाही, लांबी मोजण्याचा नियम माहीत असला की पुरे. सगळी गंमत इथेच आहे.

आता मोठी वाट घ्या. उत्तर ध्रुवावर बाण शून्य रेखांशाच्या दिशेने ठेवा. त्या रेखांशावरून विषुववृत्तापर्यंत उतरा, बाण दक्षिणेकडे. विषुववृत्तावरून पूर्वेला ९० अंश जा, बाण अजून दक्षिणेकडेच. तिथून सरळ वर ध्रुवावर या. बाण आता ९० अंश पूर्व रेखांशाच्या दिशेला आहे. कुठेही वळवला नाही, तरी काटकोनात वळला. तो किती वळला हे त्या वाटेने वेढलेल्या वक्रतेइतकं असतं. वक्रता म्हणजे काय, याचं इतकं सोपं उत्तर तोवर कुणाकडे नव्हतं.

भौतिकशास्त्रवाल्यांसाठी याला एक छान जोड आहे. १८५१ मध्ये फुको यांनी पॅरिसच्या पाँतेओँमध्ये टांगलेला लंबक आठवतो ना? त्याची डोलण्याची दिशा दिवसभरात अक्षांशाच्या साइनगुणिले ३६० अंश वळते. पॅरिसला सुमारे २७१ अंश. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा, म्हणजे इथे दिवसाला सुमारे ११४ अंश. विषुववृत्तावर शून्य. आता साडेअठरा अक्षांशावर संत्र्याभोवती पूर्ण फेरीची पट्टी सोला आणि टेबलावर पसरा: ती सरळ पडत नाही, वर्तुळाच्या कमानीसारखी वाकते, आणि त्या कमानीचा कोन ११४ अंश येतो. विषुववृत्तावरची पट्टी सरळ पडते. लंबक पृथ्वीबरोबर फिरताना आपली दिशा समांतर नेत असतो, दुसरं काही नाही. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा इतका आनंद झाला की पुढची सगळी वर्षं हा तास मी कधीच दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नाही.

ज्याला आज 'लेव्ही-चिव्हिता कनेक्शन' म्हणतात ते हेच. लांबी आणि कोन जपणारी, टॉर्शन (पीळ) नसलेली समांतरता, आणि कुठल्याही मेट्रिकसाठी, म्हणजे लांबी मोजण्याच्या नियमासाठी, अशी एकच असते. व्हाइल यांनी १९१८ मध्ये मेट्रिकची अट काढून ही कल्पना पुढे नेली, मग कार्तान यांनी. आपल्याकडे या वाटेवर आले दामोदर धर्मानंद कोसंबी, गोव्यात जन्मलेले, पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणारे. त्यांचा १९३३ चा जर्मन नियतकालिकातला निबंध 'समांतरता आणि पथ-अवकाश' याच विषयावरचा. तिथे मेट्रिक नसून वाटांची समीकरणंच आधी दिलेली असतात आणि त्यांतून समांतरता शोधायची असते. १९३२ मध्ये त्यांचं एक टिपण रोमच्या लिंचेई अकादमीच्या वृत्तांतातही आलं होतं. तुमचं कॉलेज महाराष्ट्रात असेल तर हा दुवा जरूर सांगा, इतिहासकार कोसंबी सगळ्यांना माहीत असतात, भूमितीतले कोसंबी फार थोड्यांना.

१९१७ च्या अखेरीस युद्धाची आघाडी पादुआच्या जवळ आली, शहरावर बॉम्ब पडले. १९१८ मध्ये लेव्ही-चिव्हिता रोम विद्यापीठात गेले आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिले. रोममधल्या कामाची नुसती यादीसुद्धा लांब होईल, म्हणून एकच घ्या. खोल पाण्यावर आकार न बदलता चालणाऱ्या लाटेचं गणित स्टोक्स यांनी १८४७ पासून अंदाजी मालिकेने मांडलं होतं, पण अशी लाट समीकरणांनुसार खरंच असू शकते का, हे सिद्ध नव्हतं. रशियात नेक्रासोव्ह यांनी, आणि स्वतंत्रपणे १९२५ मध्ये लेव्ही-चिव्हितांनी ते सिद्ध केलं. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर रोमला आलेले डच तरुण डर्क स्ट्रुइक यांनी लगेच मर्यादित खोलीच्या कालव्यासाठी तेच केलं. ही त्यांची शिकवण्याची रीत: स्वतः दार उघडायचं आणि पुढची खोली विद्यार्थ्याला द्यायची. १९२५ चं त्यांचं टेन्सरचं पुस्तकही एन्रिको पेर्सिको यांनी व्याख्यानांवरून सिद्ध केलेलं आहे. तरुण भौतिकशास्त्रज्ञ फेर्मी यांचं १९२२ मधलं कोऑर्डिनेटवरचं काम याच समांतरतेवर उभं आहे.

आता शेवटचा भाग, जो सेमिनारमध्ये बहुतेक जण 'नंतर त्यांचं निधन झालं' एवढ्यावर उरकतात. कृपा करून तसं करू नका. १९२५ मध्ये तत्त्वज्ञ क्रोचे यांच्या फॅसिझमविरोधी जाहीरनाम्यावर त्यांची सही होती. १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. बाराशेहून अधिक प्राध्यापकांत जेमतेम डझनभरांनी नकार दिला, त्यांत त्यांचे ज्येष्ठ सहकारी व्हितो व्होल्तेरा होते. लेव्ही-चिव्हितांनी शपथ घेतली. हे लपवू नका आणि त्यावर निवाडाही देऊ नका. जर्मनीतून हाकललेल्या गणितज्ञांसाठी त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी जी धडपड केली तीही त्याच माणसाची आहे.

१९३८ च्या सप्टेंबरात वंशकायदे आले आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्यात आलं. ६५ वर्षांच्या लेव्ही-चिव्हितांची जागा गेली, इटलीच्या अकादम्यांतूनही नाव गेलं. डिसेंबरात इटालियन गणितज्ञांच्या संघटनेने मागणी केली ती इतकीच, की रिकाम्या झालेल्या जागा गणिताच्याच राहाव्यात. हे वाक्य वाचताना माझा आवाज अजूनही अडकतो, कारण त्या सहकाऱ्यांतल्या अनेकांनी त्यांच्याकडूनच भूमिती शिकलेली होती.

त्याच शरदात बर्लिनच्या 'त्सेंट्रालब्लाट' या समीक्षा-नियतकालिकाच्या संपादक मंडळातून त्यांचं नाव काढण्यात आलं. संपादक ओटो नॉयगेबाउअर यांनी राजीनामा दिला, त्यांच्यामागे इतरही अनेक जण बाहेर पडले. नॉयगेबाउअर अमेरिकेत गेले आणि १९४० मध्ये तिथे 'मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज' सुरू झालं. आज तुमचे मार्गदर्शक ज्या डेटाबेसमध्ये शोधनिबंध शोधतात तो त्याचंच पुढचं रूप. एका माणसाचं नाव पुसल्याने जगातली गणिताची नोंदवही अटलांटिक ओलांडून गेली.

लेव्ही-चिव्हिता रोममध्येच राहिले. हृदय कमजोर झालं होतं. २९ डिसेंबर १९४१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

तर चाळीस मिनिटं मी अशी वाटेन. पहिली दहा संत्र्याला आणि ध्रुवावरून परत आलेल्या बाणाला, नाव-गाव काहीही न सांगता. मग 'हे कुणी शोधलं' म्हणून मागे वळून पादुआ, रिच्ची आणि ७७ पानं, आठ मिनिटं. १९१५ ची पत्रं सात मिनिटं. लंबक आणि कनेक्शनची व्याख्या फळ्यावर, पाच-सहा मिनिटं, श्रोते गणितवाले असतील तर इथे वाढवा. उरलेला वेळ रोम आणि १९३८ ला. एप्सिलॉन चिन्ह प्रश्नोत्तरांसाठी ठेवा, कुणीतरी विचारेलच.

आणि सालीचा प्रयोग आदल्या दिवशी घरी करून बघा. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, पट्टी अखंड निघते. मोसंबीची तुटते. पट्टी बोटाच्या पेरापेक्षा अरुंद ठेवा, नाहीतर सपाट करताना कडा फाटतात, आणि का फाटतात असं कुणी विचारलं तर तुम्हाला वक्रतेवर बोलायला आणखी दोन मिनिटं मिळतील.